कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणून बाई सुटली का?



गेल्या काही महिन्यांत आरोग्य शिबिरांत आणि फोनवर एक प्रश्न वारंवार येतो आहे. "सिस्टर, ते हृदयातलं कॅल्शियम बघायचं सीटी स्कॅन करून घेऊ का?" विचारणारे बहुतेक पुरुष. चाळिशी-पन्नाशीतले, बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरीला असलेले. कुणाचा ऑफिसातला सोबती अचानक गेलेला असतो, कुणाच्या मोबाइलवर 'फुल बॉडी चेकअप'ची जाहिरात आलेली असते. बायका हा प्रश्न विचारत नाहीत. विचारलाच तर नवऱ्यासाठी विचारतात.

म्हणून या वेळी ही तपासणी नीट समजून घेऊ. तपासणी चांगली आहे, हे आधीच सांगते. पण ती कुणाला काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कळलं नाही तर हातात आलेला आकडा फसवतो. आणि बाईला तो पुरुषापेक्षा जास्त फसवू शकतो.

हे कॅल्शियम आलं कुठून?

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. साऱ्या शरीराला तो रक्त पुरवतो, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंना रक्त लागतं ते बाहेरून वेढलेल्या वेगळ्या रक्तवाहिन्यांतून मिळतं. त्यांना कोरोनरी रोहिण्या म्हणतात. जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, बायकांत त्याहूनही थोडी कमी.

या रोहिण्यांत चरबी साठते म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नळात अडकलेला कचरा येतो. तसं नसतं. चरबी नळाच्या पोकळीत नाही, भिंतीच्या अस्तराखाली साठते. घराच्या भिंतीला गिलाव्याखाली ओल धरते आणि पोपडा फुगून येतो, तसं समजा. हा पोपडा वर्षानुवर्षं तयार होत असतो आणि काही दुखत नाही. एखाद्या दिवशी तो फुटतो, फुटल्या जागी रक्ताची गुठळी धरते, रोहिणी बंद होते आणि हृदयाच्या तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हा हार्ट अटॅक.

शरीर मात्र गप्प बसलेलं नसतं. जखमेवर खपली धरावी तसं ते या पोपड्यांभोवती हळूहळू कॅल्शियम जमवून त्यांना टणक करत असतं. म्हणून कॅल्शियम दिसलं याचा अर्थ एवढाच, की इथे चरबीचा रोग आहे आणि तो बराच काळ चालू आहे. ते दुधातून आलेलं नसतं, तंबाखूबरोबर मळलेल्या चुन्यातून आलेलं नसतं. तंबाखूने रोहिणी खराब होते ते खरं, पण त्यात चुन्याचा दोष नाही, तंबाखूचा आहे. पाळी गेल्यावर हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्या बायका स्कोअरचं नाव ऐकून गोळ्या बंद करतात. परस्पर बंद करू नका. तुमच्या आहारातून किती कॅल्शियम मिळतं ते बघून गोळी लागते की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. दूध, नाचणी, तीळ यांना तर अजिबात घाबरायचं कारण नाही.

आकडा कसा निघतो

१९९० साली अमेरिकेतल्या मायामी बीचचे डॉ. आर्थर ॲगॅटस्टन, डॉ. वॉरेन जॅनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणीची रीत मांडली. आजही रिपोर्टवर 'ॲगॅटस्टन स्कोअर' असंच लिहून येतं.

सीटीच्या चित्रात जी वस्तू जितकी घट्ट, तितकी ती पांढरी दिसते. या पांढरेपणाला हाउन्सफील्ड नावाचं माप आहे. रोहिणीतला जो ठिपका १३० च्या वर आहे, तो कॅल्शियमचा धरतात. मग त्याचं क्षेत्रफळ मोजायचं आणि घट्टपणाप्रमाणे त्याला गुणायचं: १३० ते १९९ असेल तर १ ने, २०० ते २९९ असेल तर २ ने, ३०० ते ३९९ असेल तर ३ ने, ४०० आणि पुढे ४ ने. समजा एका ठिकाणी ५ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि त्याचा घट्टपणा २५०. त्याचे झाले १०. दुसरा ठिपका ८ चौरस मिलिमीटरचा, घट्टपणा ४२०. त्याचे ३२. बेरीज ४२. सगळ्या चकत्यांतल्या, सगळ्या रोहिण्यांतल्या ठिपक्यांची अशी बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर. जादू काही नाही.

शून्य म्हणजे घट्ट कॅल्शियम दिसलं नाही. १ ते ९९ म्हणजे सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० आणि त्यावर जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. वर मर्यादा नाही, हजाराच्या पुढचे आकडेही येतात.

तपासणीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सुई नाही, शिरेत औषध नाही. छातीला ईसीजीच्या तारा लावतात आणि काही सेकंद श्वास रोखायला सांगतात, बस्स. किरणांचं प्रमाण साधारण एक मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षभरात जेवढे किरण मिळतात त्याच्या निम्म्याहून कमी, पण छातीच्या एका साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट. गरोदर असण्याची शक्यता असेल तर करायची नाही.

एक गोंधळ इथेच दूर करते. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी 'स्कोअर' हा शब्द आला. "माझा स्कोअर १२ होता" असं लोक अजून सांगतात. तो फुप्फुसाचा, २५ पैकीचा स्कोअर. त्याचा या कॅल्शियमशी काही संबंध नाही. पण ती जुनी फाईल टाकून देऊ नका. त्या सीटीत हृदयही दिसलेलं असतं, आणि कित्येक रिपोर्टांच्या शेवटी 'कोरोनरी कॅल्सिफिकेशन' अशी एक ओळ असते. त्या धावपळीत ती कुणी वाचली नाही. आज फाईल काढून बघा. ती ओळ असेल तर नवीन स्कॅनसाठी पैसे घालवण्याआधी ती घेऊन डॉक्टरांकडे जा. अर्थात ती ओळ नसेल तर कॅल्शियम नाहीच, असं मात्र समजू नका, कारण ते स्कॅन फुप्फुसासाठी केलेलं होतं.

पुरुषांचा आकडा, बायकांचा आकडा

या तपासणीबद्दलचं आपलं पुष्कळसं ज्ञान अमेरिकेतल्या 'मेसा' नावाच्या अभ्यासातून आलं आहे. २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासात ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ स्त्री-पुरुष होते. सुरुवातीला कुणालाही हृदयविकार नव्हता. त्यांची कॅल्शियम मोजणी करून ठेवली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जवळपास निम्म्यांचा स्कोअर शून्य होता. २००८ साली जे निष्कर्ष आले त्यात, शून्यवाल्यांच्या तुलनेत १०१ ते ३०० स्कोअर असलेल्यांना हृदयविकाराचा धोका सातपटींहून अधिक निघाला. त्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान सगळं हिशेबात धरूनही. म्हणजे हा आकडा भविष्य सांगण्यात खरोखर हुशार आहे, यात शंका नाही.

पण 'मेसा'मध्ये गोरे, काळे, लॅटिनो आणि चिनी वंशाचे लोक होते. आपण नव्हतो. भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्यांचा 'मसाला' नावाचा अभ्यास २०१० साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात आणि शिकागोत सुरू झाला, त्यात पहिल्या फेरीला ९०६ जण होते. त्यात आपल्याकडच्या पुरुषांच्या रोहिण्यांत गोऱ्या पुरुषांइतकंच कॅल्शियम आढळलं आणि काळ्या, लॅटिनो, चिनी पुरुषांपेक्षा जास्त. हा अभ्यास मोलाचा आहे, पण त्यातले बहुतेक शिकलेले, बऱ्या पगाराचे लोक होते. नाक्यावर उभे राहणारे मजूर आणि ऊस तोडणाऱ्या बाया त्यात नव्हत्या. त्यांच्या रोहिण्या कुणी मोजलेल्या नाहीत.

आता बायकांचं बघू. पाळी चालू असते तोवर अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन रोहिण्यांना बरंच जपतं. म्हणून बाईच्या रोहिणीत कॅल्शियम पुरुषापेक्षा साधारण दहा वर्षं उशिरा दिसायला लागतं. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातही, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षांनी उशिरा आलेला दिसला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना अटॅक इतर देशांतल्या लोकांपेक्षा कमी वयात येतो, हेही दिसलं.

या दहा वर्षांचा अर्थ काय? पंचेचाळीस वर्षांच्या बहुतेक बायकांचा स्कोअर शून्यच असतो. तेव्हा त्या वयाच्या बाईचा स्कोअर २० आला, तर रिपोर्टवर 'सौम्य' छापलेलं असलं तरी तो सौम्य नाही. तिच्या वयाच्या बायकांत ती सगळ्यात पुढच्या थोड्या जणींत आहे. तोच २० सत्तरीच्या आजोबांचा आला तर त्यांनी समाधान मानावं. म्हणून रिपोर्टवर स्कोअरच्या शेजारी 'पर्सेंटाइल' लिहिलेलं असतं, तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या शंभर जणांत तुम्ही कितव्या. बाईने आकड्याआधी ते बघावं. ७५ च्या वर असेल तर आकडा लहान असला तरी औषधाचा विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. अमेरिकेतल्या ६३ हजारांहून अधिक, काही लक्षणं नसलेल्या लोकांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम असलेल्या बायकांत हृदयरोगाने मरण्याचा धोका कॅल्शियम असलेल्या पुरुषांपेक्षा जास्त, सुमारे १.३ पट निघाला. बाईच्या रोहिणीत कॅल्शियम उशिरा येतं, कमी येतं, पण आलं की ते जड जातं. कारणं अनेक असावीत. रोहिण्या मुळात बारीक हे एक, आणि माझ्या मते दुसरं हे की बाईच्या रिपोर्टकडे घरात कुणी गांभीर्याने बघत नाही. नवऱ्याचा स्कोअर ६० आला तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या भाजीतलं तेल कमी होतं. बायकोचा आला तर फाईल कपाटात जाते.

शून्याचं काय करायचं

शून्य ही चांगली बातमी आहे. साठीच्या बाईला, जिला दुखत-खुपत काही नाही, मधुमेह नाही, तंबाखू नाही, तिचा शून्य पुढच्या काही वर्षांसाठी खराच दिलासा आहे. कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नाही अशा काठावर असेल तर डॉक्टर गोळी थांबवूही शकतात. पाच वर्षांनी पुन्हा बघता येतं.

पण शून्याचा अर्थ 'घट्ट कॅल्शियम नाही' एवढाच. मऊ पोपडा, ज्यावर अजून कॅल्शियम धरलेलं नाही, तो या स्कॅनला दिसत नाही. तरुण वयात पोपडे मऊच असतात. मधुमेही माणसाचा आणि तंबाखू-सिगारेटवाल्याचा शून्य म्हणूनच कच्चा शून्य असतो. बायकांत आणखी दोन-तीन गोष्टी येतात. तरुण बायकांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, पोपडा न फुटताच त्याच्या वरचं अस्तर खरवडलं जाऊन गुठळी धरते, असं जास्त आढळतं. बाळंतपणानंतरच्या दिवसांत क्वचित रोहिणीच्या भिंतीचे थर आपोआप सुटतात. ज्यांना हे होतं त्यांत बहुसंख्य बायकाच असतात, आणि त्यात कॅल्शियमचा काही संबंध नसतो.

शिवाय मोठ्या रोहिण्या साफ असून पुढच्या केसाएवढ्या बारीक वाहिन्याच नीट उघडत नाहीत, असंही होतं. अमेरिकेत १९९६ साली 'वाइज' नावाचा, फक्त छातीत दुखणाऱ्या बायकांचा अभ्यास सुरू झाला. अँजिओग्राफीत मोठा अडथळा न सापडलेल्या ज्या बायकांच्या बारीक वाहिन्या तपासल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्यांत दोष निघाला. या बायकांना त्याआधी काय सांगितलं जात असेल ते आपल्याला ठाऊक आहे. गॅस आहे. टेन्शन आहे. घरात काही झालंय का?

वॉर्डात मी वर्षानुवर्षं हे ऐकलं आहे. एका खासगी दवाखान्यात तर चालताना छाती आवळते म्हणणाऱ्या बाईला कॅल्शियम स्कॅन करायला लावून, शून्य आल्यावर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलेलं पाहिलं. ही तपासणीच तिथे चुकीची होती. कॅल्शियम स्कोअर ज्याला काही होत नाही अशा माणसासाठी आहे. ज्याला दुखतंय, धाप लागतेय, त्याच्यासाठी नाही.

शिबिराच्या फॉर्मवर नसलेले प्रश्न

शिबिरात वजन, बीपी, शुगर लिहून घेतात. बाईच्या हृदयाबद्दल ज्या गोष्टी विचारायला हव्यात, त्या फॉर्मवर नसतात. माझ्या मते स्कॅनला पैसे भरण्याआधी या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहावीत. त्यातली काही उत्तरं स्कोअरइतकीच बोलकी आहेत.

गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? पायावर, तोंडावर सूज, लघवीतून प्रथिनं, झटके? ज्या बाईला हे झालं, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकार होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. बाळंतपण सुखरूप झालं, बीपी उतरलं, सगळे विसरले. वीस वर्षांनी ती छातीत दुखतंय म्हणून येते तेव्हा तिला कुणी ते विचारत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवलं असेल तर त्यात ही नोंद सापडेल. नसेल तर सासूला, आईला विचारा. गरोदरपणात शुगर वाढली होती का, हेही विचारा. त्या बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता फार असते, आणि मधुमेह झाला की बाईला निसर्गाने दिलेलं ते इस्ट्रोजेनचं कवच बरंचसं निकामी होतं.

पाळी कधी गेली? चाळिशीच्या आत गेली असेल तर तो हृदयाचा धोका धरतात. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञ संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत धोका वाढवणाऱ्या गोष्टींची यादी आहे. चाळिशीआधीची पाळीबंदी त्यात आहे, गरोदरपणातलं बीपी आहे, आणि आपलं दक्षिण आशियाई असणंही आहे.

आणि गर्भपिशवी काढली का? काढली तर अंडाशय ठेवले का काढले? हा प्रश्न आपल्या वस्त्यांत, आपल्या गावांत विचारायलाच हवा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीचे दिवस पाडले तर खाडा लागतो, उचल फिटत नाही, मुकादम बोलतो, म्हणून पंचविशी-तिशीत पिशवी काढून मोकळं व्हायचं. चर्चा झाली ती ऑपरेशनच्या पैशाची आणि डॉक्टरांच्या नफेखोरीची. ती व्हायलाच हवी होती. पण या बायकांच्या हृदयाचं पुढे काय, हे कुणी बोललं नाही. अंडाशय काढले असतील तर इस्ट्रोजेन त्या दिवसापासून बंद. ठेवले असले तरी ते लवकर थकू शकतात. तीस वर्षांची ती बाई रोहिण्यांच्या हिशेबाने दहा-पंधरा वर्षांनी मोठी होते. ती पस्तिशीत छातीत आवळतं म्हणाली तर "एवढ्या तरुण बाईला काय होतंय" म्हणून तिला परत पाठवतात.

डिस्चार्ज कार्डावर काय काढलं ते लिहिलेलं असतं. ते कार्ड शोधा. सापडलं नाही तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का ते विचारा. पिशवी पंचेचाळिशीच्या आत काढलेल्या प्रत्येक बाईने दरवर्षी बीपी, शुगर आणि एकदा तरी कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. हार्मोनच्या गोळ्या मात्र केवळ हृदयासाठी म्हणून कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. वयस्क बायकांत त्या गोळ्यांनी हृदय वाचतं हा समज अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने २००२ साली मोडून काढला आहे. लहान वयात अंडाशय काढलेल्या बाईचं गणित वेगळं असतं, पण ते स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर बसून ठरवायचं.

मिश्री लावता का? हा प्रश्न मी कुणाच्या घरच्यांसमोर विचारत नाही. "तंबाखू खाता का" असं विचारलं तर बाई नाही म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खोटंही नसतं, कारण मिश्री ती खात नाही, दाताला लावते. दिवसातून चार-पाच वेळा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. 'इंटरहार्ट'मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचा धोका सुमारे दुप्पट आढळला. चुलीपुढे किती वर्षं बसलात, हेही विचारून ठेवावं.

मग स्कॅन करावं कुणी?

ज्यांना मधुमेह आहे आणि वय चाळिशीपुढे आहे, त्यांनी या स्कॅनवर पैसे घालवू नयेत. त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, स्कोअर न बघताही सुचवली जाते. ज्यांना एकदा अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास झाली, त्यांनाही गरज नाही. रोग आहे हे माहीतच आहे. ज्यांचं एलडीएल १९० किंवा त्याच्या वर आहे, त्यांनाही नाही.

तीस वर्षांच्या पोरांनीही करू नये. शून्यच येणार, आणि तो शून्य घेऊन गुटखा चालू राहणार.

उपयोग होतो तो काठावरच्यांना. साधारण चाळिशीपुढचा पुरुष, पन्नाशीच्या आसपासची किंवा त्यापुढची बाई, ज्यांना थोडं बीपी आहे, कोलेस्टेरॉल जरा वर आहे, भावाला किंवा वडिलांना कमी वयात अटॅक आला होता, आणि डॉक्टर म्हणतात की गोळी सुरू करू या, पण मन तयार नाही. अशा वेळी आकडा निर्णय सोपा करतो. शंभराच्या वर आला तर गोळी घ्यायलाच हवी. १ ते ९९ आला तर पंचावन्नपुढच्यांनी घेतलेली बरी. शून्य आला आणि तंबाखू, मधुमेह, घरातला इतिहास नसेल, तर थांबता येतं. वर सांगितलेल्या प्रश्नांना 'हो' म्हणणारी बाई असेल तर ही चर्चा पन्नाशीची वाट न बघता करावी.

खासगी केंद्रांत या स्कॅनला काही हजार रुपये लागतात. तेवढ्यात विहारासाठी किंवा महिला मंडळासाठी बीपी मोजायचं एक चांगलं यंत्र येतं. मला निवडायला सांगितलं तर मी यंत्र घेईन. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, आशाताईंना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दक्षिण आशियासाठीही तक्ते काढले आहेत. त्यांतल्या एका प्रकारात रक्त तपासायचीही गरज नाही. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी, आणि उंची-वजनाचं प्रमाण एवढ्यावर पुढच्या दहा वर्षांतला धोका काढता येतो. मोबाइलवर सापडतात. मिश्रीची आणि पिशवीची चौकट त्यात नाही, ती आपण मनात धरायची.

स्कोअर जास्त आला तर

घाबरून लगेच अँजिओग्राफीला पळू नका. काही होत नसेल, चालताना-चढताना त्रास नसेल, तर केवळ स्कोअर ४०० आला म्हणून स्टेंट बसवत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत भारतासह ३७ देशांतले पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. हृदयाला रक्त कमी पडतं हे तपासणीत सिद्ध झालेल्या, पण स्थिर असलेल्या रुग्णांत, आधी स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. नीट औषधं घेणारेही तेवढेच वाचले. अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, ती गोष्ट वेगळी. कुणी तातडी करत असेल तर "मला लक्षणं नसताना याचा काय फायदा?" हा प्रश्न विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. खरंच गरज असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही होतात.

जास्त स्कोअरचा खरा इलाज साधा आणि कंटाळवाणा आहे. स्टॅटिन रोज, बीपीची गोळी रोज, तंबाखू बंद, मीठ-तेल कमी, रोज अर्धा तास चालणं. धुणीभांडी आणि शेतातली कामं करणाऱ्या बाईला "व्यायाम करा" म्हणायला मला लाज वाटते. तिला आधी झोप हवी आणि गोळीचा खर्च हवा. सरकारी दवाखान्यात स्टॅटिन मिळतं का ते विचारा, आणि एकदा सुरू झाल्यावर बरं वाटतंय म्हणून सोडू नका. मूल होण्याची शक्यता असेल तर गोळी सुरू करताना डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि स्टॅटिन सुरू झाल्यावर दर वर्षी स्कॅन करू नका. गोळीमुळे मऊ पोपडे टणक होतात, त्यामुळे स्कोअर थोडा वाढलेलाच दिसतो. ते बिघडल्याचं लक्षण नाही.

दुखत असेल तर

बायकांना छातीत दुखतच नाही, असं आता पुष्कळ ठिकाणी लिहून येतं. ते खरं नाही. बायकांतही छातीत दुखणं, आवळणं, दाब येणं हेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे. फक्त त्याबरोबर धाप, मळमळ, जबड्यात, पाठीत किंवा दोन्ही हातांत कळ, घाम, आणि कधी न जाणवलेला थकवा, हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतं. मधुमेही बाईला कधी नुसतीच धाप लागते. आणि बाई आधी स्वयंपाक आवरते, मुलांचे डबे भरते, मग सांगते.

पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ असं होत असेल तर १०८ ला फोन करा. फोनवर 'गॅस' हा शब्द वापरू नका. "छातीत दाब आहे, घाम येतोय, इतक्या वाजल्यापासून" असं सांगा. दवाखान्यात गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढा म्हणून सांगा, आणि पहिला ईसीजी बरा आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढायला आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासायला सांगा. ही मागणी करायला शिक्षण लागत नाही, सोबत एक माणूस लागतो. ती वही सोबत न्या. गरोदरपणातलं बीपी, पिशवी कधी काढली, मिश्री, चालू गोळ्या, सगळं त्या एका पानावर असू द्या, आणि स्कोअर केलेला असेल तर तोही तिथेच, तारखेसकट, सगळ्यात खाली लिहा.